आईची गोळी, लेकीचा रिपोर्ट

"आईचा कॅन्सर हार्मोनचा होता, आणि माझ्या रिपोर्टातही हार्मोनचं जीन आलंय. म्हणजे मला होणारच ना?"

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे सारखा येतो. पूर्वी बायका एवढंच विचारायच्या, "आईला झाला, मला होईल का?" आता घरपोच येणाऱ्या थुंकीच्या तपासण्यांमुळे त्याच भीतीला छापील कागदाची जोड मिळाली आहे. कागदावर लाल रंगात 'जास्त' असं लिहिलेलं असलं की माणसाची झोप उडते. मी जनुकीय समुपदेशक आहे, गोव्यात काम करते. "होणारच असं नाही" हे उत्तर द्यायला मला दोन सेकंद पुरतात, पण तेवढ्याने कुणाचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिलेला नाही. म्हणून एका बाईची हकीकत सविस्तर सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुलक्षा म्हणू तिला. वय ४४, फोंडा तालुक्यातल्या एका गावची, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तीन वर्षांपूर्वी तिच्या आईच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. आईचं वय तेव्हा ६७ होतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, किमो लागली नाही. "हार्मोन पॉझिटिव्ह आहे, रोज एक गोळी, पाच वर्षं," असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. आई सावरली. त्या वर्षी चवथीला नेवऱ्या करायलाही बसली.

पुढे बंगळुरूला नोकरी करणाऱ्या भाच्याने हौसेने घरातल्या सगळ्यांसाठी थुंकीच्या तपासणीचे डबे मागवले. केस गळतील का, कॉफी सोसते का, असं बरंच काही त्या रिपोर्टात होतं. सुलक्षाच्या रिपोर्टात एका पानावर होतं, 'इस्ट्रोजेनची पातळी : जनुकीय कल जास्त', आणि खाली बारीक अक्षरात जनुकाचं नाव, 'सीवायपी१९ए१, अरोमाटेज'.

तिने रात्री फोनवर अरोमाटेज म्हणजे काय ते शोधलं. मग कपाटातून आईच्या गोळ्या काढून नाव पाहिलं : लेट्रोझोल. तेही शोधलं. ही गोळी अरोमाटेजचं काम थांबवते, असं निघालं. तिथून पुढे आठवडाभर ती नीट झोपली नव्हती. माझ्याकडे आली ती घरात बँकेचं काम सांगून. आधी तिने दार नीट लागलंय का ते पाहिलं, मग पर्समधून घडी केलेला रिपोर्ट आणि रबर बँड लावलेल्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. दोन पट्ट्या न उघडलेल्या. तिसरीतल्या चार गोळ्या संपलेल्या.

"मॅडम, बघा. आईला ज्याच्यासाठी ही गोळी दिली, तेच माझ्या रिपोर्टात आलंय. म्हणजे ते आईकडून माझ्यात आलं. मग मीही आत्तापासून ही गोळी सुरू करू का? घरात पडूनच आहेत."

हे ऐकून मला तिचं कौतुक वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही. बारावीनंतर विज्ञानाशी संबंध न आलेली बाई दोन कागद शेजारी ठेवून अरोमाटेजपर्यंत पोचते, ही साधी गोष्ट नाही. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नका, काही होत नाही" असं सांगून वाटेला लावणं मला अपमानाचं वाटतं. तिने जोडलेली साखळी बरीचशी बरोबर होती. एक कडी तेवढी सुटली होती.

बरोबर काय होतं, ते आधी सांगते. स्तनाच्या कॅन्सरचा आणि स्त्रीच्या हार्मोनचा संबंध आहे, यात शंका नाही. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी बळावलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये अंडाशय काढल्यावर गाठ आक्रसल्याचं १८९६ मध्ये लिहून ठेवलं. तेव्हा 'हार्मोन' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. आणि अरोमाटेज हे खरोखरच इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीचं मुख्य हार्मोन, बनवणारं एन्झाइम आहे. बाईच्या अंगातही टेस्टोस्टेरॉनसारखी, ज्यांना आपण पुरुषी म्हणतो ती हार्मोन थोडी असतात. अरोमाटेज त्यांचंच इस्ट्रोजेन करतं. पाळी चालू असते तोवर हे काम मुख्यतः अंडाशयात चालतं. पाळी गेली की अंडाशय थंडावतात, आणि हेच काम अंगातल्या चरबीत, स्नायूंत, खुद्द स्तनातल्या चरबीत थोडं थोडं होत राहतं. सुलक्षाच्या आईची गाठ त्या इस्ट्रोजेनवर पोसली गेली होती, म्हणून डॉक्टरांनी ते बनणंच बंद करायची गोळी दिली.

सुटलेली कडी म्हणजे प्रमाण. हे अरोमाटेजचं जनुक आपल्या सगळ्यांना असतं, पंधराव्या गुणसूत्रावर. त्यात एखाददुसऱ्या अक्षराचा फरक असणं हा बिघाड नव्हे. असे फरक कितीतरी निरोगी बायकांत सापडतात. त्यांच्यामुळे पाळी गेलेल्या बायकांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन १० ते २० टक्क्यांनी इकडेतिकडे होतं, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. आणि आईची गोळी? ती अरोमाटेजचं काम ९५ टक्क्यांहून जास्त थांबवते.

सुलक्षाचं माहेर खाजनांच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, काठचं. त्या बांधात पाणी अडवायला दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. मी तिला म्हटलं, "मानशीची दारं पाडून नदीचं पाणी अडवणं वेगळं, आणि एखाद्या भरतीला पाणी बोटभर वर चढणं वेगळं. तुमच्या रिपोर्टात आहे ते बोटभर पाणी. आईची गोळी म्हणजे मानशीची दारं. दोन्ही एकाच पाण्याबद्दल बोलतात, म्हणून तुम्हाला ती एकच गोष्ट वाटली."

ती जरा हसली, पण पटलं नव्हतं. "बोटभर म्हणजे किती? त्या बोटभरानेच बांध फुटला तर?"

हा प्रश्न रास्त होता. मी कागद घेतला आणि आम्ही दोघींनी मिळून हिशोब केला. पाळी गेलेल्या बायकांच्या नऊ दीर्घ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ मध्ये एक निष्कर्ष निघाला : रक्तातलं इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, दुप्पट असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण २९ टक्क्यांनी जास्त. हे दुपटीचं गणित. १५ टक्के वाढीला तेच प्रमाण लावलं तर धोका पाचेक टक्क्यांनी वाढतो. पण हे पाच टक्के कशाचे? भारतात साधारण २८ बायकांत एकीला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो असं मानलं जातं. म्हणजे हजारात ३६ जणी. त्या ३६ चे पाच टक्के म्हणजे दोन. हजारात ३६ च्या जागी ३८.

"एवढंच?" ती म्हणाली. कागद स्वतःकडे ओढून तिने बेरीज पुन्हा करून पाहिली.

एवढंच. आणि प्रत्यक्षात तेवढंही हाती लागलेलं नाही. २००७ मध्ये अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासगटांनी मिळून नेमकं हेच जनुक तपासलं, कॅन्सर झालेल्या पाच हजारांहून जास्त बायका आणि न झालेल्या सात हजारांहून जास्त बायकांमध्ये. या जनुकातल्या फरकांनी इस्ट्रोजेन १० ते २० टक्क्यांनी बदलतं हे दिसलं, पण त्या फरकांमुळे स्तनाचा कॅन्सर जास्त होतो असं दिसलं नाही. सुलक्षाच्या रिपोर्टात पहिला भाग लाल अक्षरात होता. दुसरा भाग कुठेच नव्हता. अर्धी गोष्ट सांगून पैसे घेणाऱ्या अशा रिपोर्टांचा मला मनापासून राग येतो, कारण उरलेली अर्धी गोष्ट ऐकायला घाबरलेली माणसं माझ्या दारात येतात, आणि न येणाऱ्या कितीतरी जणी रात्र रात्र जागतात.

तरी "हार्मोनच्या जनुकांचा काही संबंधच नाही" असंही मी तिला म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. जनुकं आईच्या पोटातच ठरतात. पुढे खाण्याने, वजनाने, आजाराने ती बदलत नाहीत. म्हणून जन्मतःच एखादं हार्मोन थोडं जास्त राखणाऱ्या आणि थोडं कमी राखणाऱ्या लाखो लोकांची तुलना केली, तर त्या आजाराला हार्मोन खरंच कारणीभूत आहे की नुसतंच सोबत दिसतं, याचा छडा लागतो. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकेतल्या चार लाखांहून जास्त स्त्री-पुरुषांच्या माहितीवर असा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांची जनुकं टेस्टोस्टेरॉन जास्त ठेवणारी होती, त्यांच्यात स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका जास्त निघाला. तेव्हा हार्मोन हे खरं कारण आहे. पण तिथे एका जनुकावरून निवाडा होत नाही. शेकडो जनुकांचा बारीक बारीक हातभार मोजावा लागतो. शिवाय ही माहिती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यावर बेतलेला 'जास्त-कमी'चा शिक्का फोंड्यातल्या बाईवर जशास तसा मारणं मला मान्य नाही.

अरोमाटेजच्या जनुकाबाबत एक गोष्ट मात्र तिला मुद्दाम सांगितली. या जनुकातल्या काही फरकांचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरशी थोडासा संबंध आढळला आहे. घाबरण्याइतका तो मोठा नाही. पण त्या आजाराची एक खूण अगदी उघड असते : पाळी पूर्ण थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं. "उष्णतेने झालं असेल" म्हणून बायका महिनोन् महिने काढतात. एकदा जरी डाग दिसला तरी डॉक्टरकडे जायचं, मग रिपोर्टात काहीही असो किंवा रिपोर्ट नसो.

राहिला गोळीचा प्रश्न, आणि तो सगळ्यात तातडीचा होता. सुलक्षाची पाळी अजून चालू आहे. पाळी गेलेली नसताना ही गोळी नुसती घेतली तर इस्ट्रोजेन थोडं खाली येताच मेंदू अंडाशयांना जास्त जोराने कामाला लावतो. इतका की मूल होत नसलेल्या बायकांना बीज तयार व्हावं म्हणून डॉक्टर हीच लेट्रोझोल पाळीच्या सुरुवातीला काही दिवस देतात. हे ऐकून तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिची थोरली लेक बारावीला आहे.

पाळी गेलेल्या आणि धोका खरोखर जास्त असलेल्या बायकांना कॅन्सर होऊ नये म्हणून या जातीची गोळी देता येते. अॅनास्ट्रोझोलने अशा बायकांत पाच वर्षांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्यावर आल्याचं २०१४ मध्ये सिद्ध झालं आहे. पण ती हाडं ठिसूळ करते, सांधे दुखवते. ती कुणाला द्यायची हे तपासून ठरवायचं असतं. आईच्या पट्टीतून उचलून घ्यायची ती चीज नव्हे.

मग मी तिला विचारलं, "आता तुमच्या घरातली माणसं सांगा." रिपोर्टपेक्षा मला यात जास्त रस होता. आमच्या कामात बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन काढतात, आणि आजार झालेल्याचा गोल किंवा चौकोन काळा करतात. आईकडची मंडळी तिने भराभर सांगितली : मावशा दोन, मामा तीन, आजी ऐंशी पार करून गेली. काळा गोल एकच, आईचा. मी वडिलांकडची विचारली तेव्हा ती थांबली. "बाबांकडचं कशाला? हा तर बायकांचा आजार."

हे मी इतक्यांदा ऐकते की इथे जरा सविस्तर लिहितेच. ज्याला खऱ्या अर्थाने 'घराण्यातला' स्तनाचा कॅन्सर म्हणता येईल, तो हार्मोनच्या जनुकांमुळे होत नाही. तो अनेकदा बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतल्या मोठ्या बिघाडामुळे होतो. ही जनुकं तुटलेला डीएनए दुरुस्त करतात. त्यांत बिघाड असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. कुठे हजारात दोनची भर आणि कुठे हे! आणि हा बिघाड वडिलांकडून तितक्याच सहज येतो. वडिलांना काहीही झालेलं नसतं, पण आत्याला अंडाशयाचा कॅन्सर होऊन गेलेला असतो, आणि घरात त्याला 'पोटाचं दुखणं' म्हणतात. म्हणून कमी वयातला कॅन्सर, दोन्ही स्तनांतला, अंडाशयाचा, पुरुषाच्या स्तनाचा, एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झालेला, असं काही आहे का हे आम्ही दोन्हीकडे खोदून विचारतो.

सुलक्षा आठवायला लागली. "डिचोलीच्या आत्याची पिशवी काढली होती. कशासाठी ते नाही माहीत. आम्ही लहान होतो."

'पिशवी काढली' याच्या मागे काहीही दडलेलं असू शकतं. मी म्हटलं, आत्या आहेत ना, विचारा. तिने तिथूनच फोन लावला. आत्या आधी बिचकली, मग माझ्याशी बोलली, आणि अर्ध्या तासाने तिच्या सुनेने जपून ठेवलेल्या जुन्या कागदाचा फोटो पाठवला. गर्भाशयात साध्या गाठी, फायब्रॉइड. अंडाशय निरोगी म्हणून ठेवलेले. वडिलांकडे बाकी कुणाला काही नव्हतं. एक काका तोंडाच्या कॅन्सरने गेले होते, पण ते आयुष्यभर तंबाखू खात होते.

घराण्याचं चित्र पूर्ण झालं तेव्हा त्यात एकच काळा गोल होता, ६७ व्या वर्षीचा, हार्मोनवर पोसलेल्या गाठीचा. तिला बीआरसीएच्या तपासणीला पाठवावं असं त्यात काही नव्हतं. कधी तशी शंका आलीच तर तपासणी आधी आजार झालेल्या माणसाची, म्हणजे आईची करायची असते, हे तिला सांगून ठेवलं. निरोगी लेकीचा रिपोर्ट 'काही सापडलं नाही' असा आला तर त्याचा अर्थ लावणं अवघड जातं.

पण आईला झाला म्हणून थोडा जास्त धोका आहेच, तो लपवायचा कशाला? ५२ अभ्यासांचा एकत्रित हिशोब २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला आजार असेल तर धोका सरासरी १.८ पट निघाला. आईला उतारवयात झाला असेल तर त्याहून कमी. पुरता १.८ पट धरला तरी हजारात ६५ जणी, म्हणजे ९३५ जणींना आयुष्यभर हा आजार होत नाही. त्याच हिशोबात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला सगळ्या बायकांना सांगावीशी वाटते : स्तनाचा कॅन्सर झालेल्या नऊजणींत आठजणींच्या आई, बहीण, मुलीला तो नसतो. "आमच्या घरात नाही" म्हणून तपासणी टाळणाऱ्या बाईची मला सुलक्षापेक्षा जास्त काळजी वाटते.

सुलक्षाने विचारलं, "मग हार्मोनचं मी काहीच करायचं नाही?"

करायचं, पण जनुकाचं नव्हे. तिची पाळी आणखी काही वर्षांत जाईल. त्यानंतर इस्ट्रोजेन किती बनणार हे त्या एका अक्षराच्या फरकापेक्षा अंगावरच्या चरबीवर जास्त ठरतं. पाळी गेल्यानंतर लठ्ठ बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त का होतो, याचं उत्तर मुख्यतः हेच निघालं आहे. वजन वाढलं, साखर वाढायला लागली की यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं. हे प्रथिन हार्मोन धरून ठेवतं, आणि ते कमी झालं की मोकळं हार्मोन वाढतं. एसएचबीजी किती बनणार यातही जनुकांचा वाटा असतो, पण चालणं आणि वजन यांचा वाटा आपल्या हातातला आहे. आणि गोव्यात दारूचा विषय टाळून चालत नाही. लग्नाकार्यात, काजूच्या दिवसांत बायकाही आता एखादा ग्लास घेतात, आणि "औषधासारखी थोडी" म्हणून रोज घेणाऱ्याही मला भेटतात. रोज १० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे साधारण एक पेग, याने धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. सुलक्षाच्या जनुकाच्या नावावर हिशोबात पाचेक टक्के आले होते, त्यापेक्षा हे जास्त आहेत. पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी कुणी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या तर आईचा आजार आधी सांगायचा, हेही तिने लिहून घेतलं.

धाकटीचं काय, हे तिने अगदी शेवटी विचारलं. धाकटीला अकराव्या वर्षीच पाळी आली होती, आणि आजूबाजूच्या बायकांनी "एवढ्या लवकर?" म्हणून तिला घाबरवलं होतं. पाळी वर्षभर लवकर आली तर धोका ५ टक्क्यांनी वाढतो, हे खरं आहे. पण तेही मूळच्या छोट्या आकड्याचे टक्के. त्यावरून अकरा वर्षांच्या पोरीच्या अंगाकडे भीतीने बघू नका, असं मी जरा ठासूनच सांगितलं. सोळा-सतरा वर्षांनी स्थळं येतील तेव्हा आजीचा आजार सांगावा लागेल का, हाही तिच्या मनातला काटा होता. आजीला ६७ व्या वर्षी झालेला आजार हा नातीच्या लग्नातला अडसर मानणारं घर नातीच्या योग्यतेचं नाही, असं माझं मत आहे आणि ते मी तिला दिलं.

तपासणीचं ठरवणं सोपं होतं. चाळिशी ओलांडलेली, आईला आजार, तेव्हा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि दरवर्षी प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी. या हाताच्या तपासणीला कुणी कमी लेखू नये. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. गोव्यात २०२१ पासून 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहिमेत सरकारी आरोग्य केंद्रांवर हातात धरायच्या छोट्या यंत्रानेही स्तनतपासणी सुरू झाली. सुलक्षाच्या केंद्रातल्या सिस्टरने तिला दोनदा बोलावलं होतं. ती लाजून गेली नव्हती.

एवढं सगळं झाल्यावर मी त्या तीन पट्ट्या हातात घेतल्या. आल्यापासून त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. रोज एक गोळी घेणाऱ्या बाईच्या घरात गोळ्या 'पडून' कशा?

पट्टीवरची तारीख आणि बिल जुळवून पाहिलं. या गोळ्या चार महिन्यांपूर्वी आणलेल्या होत्या. सुलक्षाला हे लक्षातच आलं नव्हतं. आपल्या जनुकाच्या शोधात तिने पट्टीवरचं नाव वाचलं, गोळ्या मोजल्या नाहीत. मी म्हटलं, "तुमच्या घरात हार्मोनचा खरा धोका आज कुणाला असेल तर तो आईंना आहे. त्यांना घेऊन या."

दुसऱ्या आठवड्यात दोघी आल्या. आई खुर्चीवर बसताना दोन्ही हातांनी टेबल धरून बसली. मी गोळीचं विचारलं तशी आधी लेकीकडे बघितलं, मग मला म्हणाली, "बाय, खरं सांगते. ती गोळी घेतली की सकाळी हाताची मूठ मिटत नाही. गुडघे धरतात. गाठ काढली, शेक दिला, आजार गेला, मग गोळी कशाला? तपासणीच्या आधी चार दिवस घेत होते."

हे दुखणं खरं असतं. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना सांधेदुखी होते, आणि म्हणूनच कितीजणी कुणाला न सांगता गोळी सोडतात. डॉक्टरांनी 'चालू आहे ना?' विचारलं की मान हलवतात. पण ऑपरेशनने दिसणारी गाठ निघते. अंगात कुठे उरलेल्या चार पेशी असतील तर त्यांना इस्ट्रोजेन मिळू नये यासाठी ती पाच वर्षं असतात. गोळी मधेच सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. हे मी आईला सांगितलं, आणि हेही, की न सांगता सोडण्याऐवजी सांगून बदलून घेता येते.

तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी रागावून घेतलं नाही. काही आठवडे गोळी थांबवून त्याच जातीची दुसरी दिली, हाडांची घनता मोजली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं, आणि रोज चालायला सांगितलं. चालण्याने ही सांधेदुखी कमी होते हे अभ्यासांत दिसलं आहे, पण आईला ते पटवलं शेजारणीने, रोज संध्याकाळी देवळापर्यंत सोबत नेऊन. सकाळची मूठ अजून कधीकधी आखडते. गोळी मात्र चालू आहे, आणि ती आता रात्री जेवणानंतर सुलक्षाच्या समोर घेतली जाते.

सुलक्षाची मॅमोग्राफी साधी आली. भाच्याने पुन्हा फोन करून विचारलं, नवीन किट आलंय, त्यात आणखी जीन्स तपासतात, पाठवू का? तिने त्याला सांगितलं, त्या पैशात आजीच्या हाडांची तपासणी पुढच्या वर्षी परत करायची आहे, ते दे.